अडीचचे तीन

रुमालशेठ हे काही शेठ नव्हते. शेठ म्हणण्यासारखं त्यांच्याजवळ एक पोट सोडलं तर काही नव्हतं. जनावरांच्या बाजारात ते दलाली करायचे आणि त्यांच्या खांद्यावर बारा महिने एक मोठा चौकड्यांचा रुमाल असायचा, म्हणून बाजारानं त्यांना हे नाव दिलं. घरी बायको 'अहो' म्हणायची. रागावली की 'अहो शेठ' म्हणायची. म्हणजे दिवसातून बऱ्याचदा ते शेठ व्हायचे.

त्यांची दलाली तोंडाची नव्हती, हाताची होती. बैलाचा भाव तोंडानं बोलला तर शेजारच्या चार खुंट्यांपर्यंत ऐकू जातो आणि मग ज्याला बैल घ्यायचा नाही तोही मध्ये तोंड घालतो. म्हणून दलाल रुमाल पसरतो, त्याखाली घेणाऱ्याचा हात हातात घेतो. घेणाऱ्यानं दलालाचं एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा आवळला की पाच. बोट धरताना मधल्याच पेरावर थांबलं तर ते अर्धं धरायचं. हजार की दहा हजार, ते समोरच्या जनावराकडे बघून कळतंच. मग तोच रुमाल घेऊन दलाल विकणाऱ्याकडे जातो. वरती सगळे एकमेकांच्या जावयांची चौकशी करत असतात आणि खाली एकमेकांचे गळे कापत असतात. रुमालशेठांचं तोंड या वेळात अखंड चालायचं आणि हात एका पेराचीही चूक करत नसे. निदान तशी ख्याती होती.

ती ख्याती एका काळ्या बैलापायी गेली. घेणारा होता जाड्या व्यापारी, ज्याच्या बोटांवर अंगठ्याच इतक्या की दलालाला पकड कळायची मारामार. त्यानं रुमालाखाली भाव दाबला, रुमालशेठ विकणाऱ्याकडे गेले, सौदा जुळला, दोर हातात पडला, आणि नोटा बाहेर आल्यावर जाड्या ओरडला, "तीन? तीन कुणी म्हटलं? मी अडीच दाबले होते!"

"तीन दाबलेस," रुमालशेठ म्हणाले.

"अरे, दाबलं मी, मला माहीत नाही का?"

रुमालाखालच्या गोष्टीला साक्षीदार नसतो, हाच तर तिचा सगळा फायदा. त्या दिवशी तो तोटा ठरला. सौदा मोडला, बैल परत खुंट्याला गेला. कुणी म्हणालं, रुमालशेठ विकणाऱ्याला मिळालेत. हे ऐकून रुमालशेठांना जरा हायसं वाटलं. लबाड म्हणवून घ्यायला त्यांची हरकत नव्हती, बाजारात लबाडीला तेवढा मान असतोच. पण खरी गोष्ट वेगळी होती आणि ती त्यांनाच ठाऊक होती. जाड्यानं तिसरं बोट धरलं हे त्यांना कळलं होतं. कुठं धरलं ते कळलंच नव्हतं. बोटांवर कुणी जाड गोधडी गुंडाळून ठेवावी तसं गेले काही महिने त्यांना होत होतं. लबाड दलाल चालतो. बधिर हाताच्या दलालाकडे कोण हात देणार?

म्हणून जावयाला सांगून त्यांनी शहरातल्या नसांच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली. जावई औषधांच्या दुकानात होता, त्यामुळे घरात तो निम्मा डॉक्टर मानला जायचा आणि उरलेला निम्मा तो स्वतः मानायचा. "पहिल्या क्रमांकाचे आहेत," तो म्हणाला. "त्यांच्याकडे गर्दी बघा तुम्ही."

गर्दी होती खरी. दाराबाहेरच्या पाटीवर पदव्या इतक्या होत्या की नाव त्यांच्यात कुठंतरी चेंगरून गेलं होतं. आत खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, म्हणजे एक जण खोकला की सगळी रांग हलायची. समोरच्या भिंतीवर मेंदूचं रंगीत चित्र होतं. ते बघता बघता दुपार झाली. काउंटरवरची बाई मधूनमधून कुणाला तरी "डॉक्टर येतायत" असं सांगायची, ते ऐकून लोक जरा ताठ बसायचे आणि मग पुन्हा सैल पडायचे.

शेवटी आत बोलावलं. डॉक्टर संगणकाकडे बघत होते. रुमालशेठ नमस्कार करून उभे राहिले. डॉक्टर संगणकाकडेच बघत म्हणाले, "बसा. काय होतंय?"

"साहेब, मी जनावरांच्या बाजारात..."

"होतंय काय?"

"बोटांना कळत नाही."

"मुंग्या येतात."

"मुंग्या नाही येत साहेब. आल्या असत्या तर त्या तरी कळल्या असत्या. काहीच कळत नाही."

"म्हणजे मुंग्याच." डॉक्टरांनी काहीतरी टाइप केलं. बहुतेक मुंग्याच टाइप केल्या. "वय?"

रुमालशेठांनी वय सांगितलं.

"मग?" डॉक्टर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की जणू रोग्यानं स्वतःच गुन्हा कबूल केला आहे.

ताकदीच्या गोळ्या लिहून मिळाल्या. बाहेर आल्यावर बायकोनं विचारलं, "हात बघितला का?"

"माझा चेहराही बघितला नाही, हात कुठला बघतायत."

"मग रोग कसा ओळखला?"

"वयावरून."

गोळ्या मोठ्या सुरेख होत्या, लालचुटूक, गिळताना घशात अडकणाऱ्या. त्यांनी एवढाच फरक पडला की बाकी कशाचंही निदान होवो न होवो, रुमालशेठांना भूक लागू लागली. बोटांवरची गोधडी जागची हलली नाही. उलट आता पायांतही काहीतरी सुरू झालं. चालताना जमीन गादीसारखी वाटायची. पायातली चप्पल मागंच राहायची आणि ते चार पावलं पुढं गेल्यावर कुणीतरी ओरडायचं, "शेठ, चप्पल!" बाजारात याच्यावर हसू व्हायला लागलं. सदऱ्याची गुंडी लावायला इतका वेळ लागायचा की बायको म्हणाली, "गुंड्या राहू द्या, मी दोरे लावते." ती थट्टा करत होती. मग एक दिवस तिनं खरंच लावले.

बैलांचे सौदे ते आता टाळायला लागले होते. कुणी हात पुढं केला की त्यांना नेमकं त्याच वेळी दुसरीकडे काम निघायचं. जाड्या व्यापारी येता-जाता विचारायचा, "काय शेठ, आज किती ऐकू येतंय बोटांना?"

दुसऱ्या वेळी बायको सोबत आत गेली. डॉक्टर आता फोनवर होते. त्यांनी हातानंच 'बोला' अशी खूण केली, आणि रुमालशेठ बोलायला लागल्यावर हातानंच 'थांबा' अशी खूण केली. फोन सुट्टीत कुठं जायचं याबद्दल होता. समुद्र की डोंगर हे बराच वेळ ठरेना. शेवटी डोंगर ठरला.

"हं. गोळ्या संपल्या?"

"साहेब, आता पाय पण."

"पाय पण काय?"

"चप्पल निघून जाते, कळत नाही."

"घट्ट चप्पल घ्या." डॉक्टर स्वतःच्या विनोदावर किंचित हसले. "दारू?"

"नाही."

"पूर्वी?"

"कधीच नाही."

"कमी करा," डॉक्टर म्हणाले आणि टाइप करायला लागले.

बायकोला राहवलं नाही. "डॉक्टरसाहेब, जरा यांच्या हाताला हात लावून तर बघा."

डॉक्टरांनी पहिल्यांदा मान वर केली. बायकोकडे बघितलं आणि लहान मुलाला समजवावं तशा आवाजात म्हणाले, "बाई, आता हात लावून बघायचे दिवस गेले. आता मशीन असतात."

"मग मशीननं बघा."

"त्याची गरज नाही."

"गरज नाही हे कशावरून?"

"अनुभवावरून," डॉक्टर म्हणाले आणि घंटी दाबली. घंटी म्हणजे पुढचा रोगी. त्या घंटीला मात्र हात लावावा लागतो, मशीननं भागत नाही.

ताणाची गोळी वाढली. मोबाइल कमी वापरा असंही सांगितलं. रुमालशेठांच्या मोबाइलला बटणं होती आणि ती त्यांच्या बोटांना सापडत नव्हती, त्यामुळे डॉक्टरांनी सांगायच्या आधीच तो कमी झालेला होता.

घरी जावई रदबदली करायला लागला. "मामा, मोठे लोक कमी बोलतात. त्यांना एका नजरेत कळतं."

"नजर टाकली असती तर कळलंही असतं," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या पहिल्या क्रमांकाच्या माणसाला माझा नवरा रस्त्यात भेटला तर ओळखणार नाही. संगणक भेटला तर गळ्यात पडेल."

जावयानं पेपर उघडून डोक्यासमोर धरला.

तरी तिसऱ्यांदा गेलेच. जाण्याचं कारण असं की रुमालशेठांना वाटत होतं, चूक डॉक्टरांची नाही, आपल्या सांगण्याची आहे. आपल्याला काय होतंय हे नीट सांगता आलं नाही. तोंडानं सांगितलेल्या भावावर त्यांनी स्वतः कधी विश्वास ठेवला नव्हता, मग डॉक्टरांनी तरी का ठेवावा? हा विचार त्यांना रात्रभर इतका पटत गेला की सकाळी त्यांनी धुतलेला रुमाल काढला. बायकोला वाटलं, मोठ्या माणसाकडे जायचं म्हणून स्वच्छ रुमाल घेतला असेल.

डॉक्टर संगणकाकडे बघत होते. एक हात माऊसवर, दुसरा टेबलावर मोकळा. रुमालशेठ खुर्चीत बसले नाहीत. टेबलाशी गेले, खांद्यावरचा रुमाल झटकला आणि डॉक्टरांच्या मोकळ्या हातावर पसरला. आणि खालून हात घालून त्यांचा हात धरला.

"साहेब, एक मिनिट. दाबा. कितीही बोटं दाबा. मी सांगतो किती, तुम्ही बघा चूक की बरोबर."

डॉक्टरांना कुणी कधी असं धरलं नसावं. ते उडालेच. "हे काय! सोडा! सोडा आधी!"

"दाबा साहेब, घाबरू नका, कुणाला दिसत नाही."

"हात सोडा म्हणतो!" डॉक्टर हात ओढायला लागले, आणि ओढताना त्यांनी रुमालशेठांचा सगळा पंजा आवळला.

आयुष्यभराची सवय. रुमालशेठांच्या तोंडून निघून गेलं, "पाच? साहेब, पाच म्हणताय?"

डॉक्टरांनी दुसऱ्या हातानं घंटी इतकी दाबली की काउंटरवरची बाई, शिपाई आणि पुढचा रोगी तिघं एकदमच आत आले. हात सुटला. डॉक्टरांनी केस सारखे केले, हात पुसायला कागद घेतला आणि एका चिठ्ठीवर भराभर लिहून ती टेबलावरून सरकवली.

"यांना मनाच्या डॉक्टरांकडे न्या. हा माझा विषय नाही."

बाहेर पायऱ्यांवर बायको रुमालाची घडी घालत म्हणाली, "काही असो. शेवटी लावला ना हाताला हात त्यांनी."

रुमालशेठ पायरीवर बसले. बायकोनं त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं, आणि त्या दिवशीही बघितलं नाही, कारण तिनं मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

मनाच्या डॉक्टरीणबाई एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बसायच्या. पाटी लहान होती आणि जिना मोठा. रुमालशेठ कठड्याला धरून चढले. जावई खालीच थांबला होता. वेड्यांच्या डॉक्टरकडे सासऱ्याला घेऊन जाताना कुणी ओळखीचं भेटलं असतं तर औषधांच्या दुकानातली त्याची पत गेली असती.

बाईंनी विचारलं, "काय होतंय?" आणि गप्प बसल्या. रुमालशेठांना वाटलं, आता तोडतील. त्या तोडेनात. मग ते सुटलेच. बाजार, रुमाल, काळा बैल, अडीच, तीन, जाड्या, लाल गोळ्या, गादीसारखी जमीन, सगळं बाहेर आलं. बायको मध्ये मध्ये दुरुस्त्या करत होती. बाई ऐकत होत्या आणि ऐकता ऐकता त्यांच्या सदऱ्याच्या दोऱ्यांकडे बघत होत्या.

"गुंड्या का नाहीत?"

"लागत नाहीत, बाई."

"चालून दाखवा. दारापर्यंत. एका पावलाला दुसरं पाऊल चिकटवून."

रुमालशेठ दारापर्यंत गेले ते वाटेत भिंत, कपाट आणि बायको यांची भेट घेत गेले. बाईंनी ड्रॉवर उघडला, बराच धुंडाळला, आणि एक रबराची हातोडी काढली. तिच्यावर धूळ होती. मनाच्या रोग्यांना ती रोज लागत नसावी. बाईंनी रुमालशेठांना टेबलाच्या कडेवर बसवलं, पाय लोंबते सोडायला सांगितले आणि गुडघ्याखाली ती हलकेच मारली. पाय असा उडाला की समोरचं स्टूल आडवं झालं.

"अगं बाई," बायको म्हणाली.

"माफ करा," रुमालशेठ स्टुलाला म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी दुसऱ्या गुडघ्यावर मारलं, मग तळपायावर हातोडीचा दांडा ओढला, मग त्यांची मान हलक्या हातानं वळवून बघितली. "तुमचं मन ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "मानेत गडबड आहे. मानेचे मणके आतल्या मुख्य नसेला दाबत असावेत. हात आणि पाय दोन्हींची तार तिथूनच जाते. मानेचा मोठा फोटो काढा, उद्याच. हे माझं काम नाही, पण वाट बघण्यासारखंही नाही."

"म्हणजे वय नाही?"

"वय आहेच. वय सगळ्यांनाच असतं."

फोटो निघाला. मान खरंच दाबलेली होती. मणक्यांचे सर्जन तरुण होते, घाईत होते, पण त्यांनी रुमालशेठांच्या प्रत्येक बोटाला टाचणी लावून बघितली. ऑपरेशन लवकर करायला हवं म्हणाले. बिघाड पुढं जाणार नाही, याची बरीच खात्री. गेलेलं किती परत येईल, याची नाही. "आधी आला असतात तर जास्त सांगता आलं असतं."

सर्जनच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये नसांचे मोठे डॉक्टर भेटले. बहुतेक डोंगरावरून आले होते, चेहरा उन्हानं तांबूस झाला होता. त्यांनी रुमालशेठांना ओळखलं नाही. हातातला फोटो मात्र ओळखला. मशीनचा होता ना. न विचारता त्यांनी तो लिफ्टच्या दिव्यापुढं धरला आणि त्यांचा चेहरा फुलला.

"मान. अगदी पुस्तकातली केस आहे." मग त्यांच्या आवाजात दुःख आलं. "इतक्या उशिरा का येता तुम्ही लोक? होते कुठं इतके दिवस?"

"तुमच्या दाराबाहेर बसलो होतो," बायको म्हणाली.

लिफ्ट थांबली. डॉक्टर उतरले. तो त्यांचा मजला नव्हता, पण उतरले.

ऑपरेशन झालं. गळ्यात पट्टा आला, त्यामुळे रुमालशेठांना कुणाकडे बघायचं तर सगळं अंग वळवावं लागायचं आणि ते अचानक फार मानी दिसायला लागले. पाय सुधारले. चप्पल पायात राहू लागली. बोटांचं काही सांगता येत नव्हतं. जाड्या व्यापारी एकदा घरी येऊन फळं ठेवून गेला. जाताना म्हणाला, "शेठ, बैल अजून विकला गेलेला नाही हं." हा त्याचा माफी मागण्याचा प्रकार होता की डिवचण्याचा, यावर नवरा-बायकोत बरेच दिवस वाद चालला.

रुमालशेठांनी बायकोला धंद्याची खूण कधी शिकवली नव्हती. ती घराबाहेरची गोष्ट. आता शिकवली. रोज संध्याकाळी दोघं खाटेवर समोरासमोर बसायची, मध्ये रुमाल. ती दाबायची, ते सांगायचे.

"दोन."

"बरोबर."

"पाच."

"बरोबर."

"तीन?"

"अगदी बरोबर!"

जावई बघून थक्क झाला. "मामा, चमत्कार आहे."

रुमालशेठांनाही तसंच वाटलं. मग तसं वाटेनासं झालं. आयुष्यभर माणसांचे हात धरले होते. इतकं बरोबर कुणाचंच नसतं. एका संध्याकाळी बायकोनं दोन बोटं धरली. त्यांना कळली. पातळ कापडामागून कुणी बोलावं तशी, पण दोनच कळली. ते म्हणाले, "चार."

"बरोबर!" बायको म्हणाली.

रुमालशेठ तिच्याकडे वळले, पट्ट्यासकट, सगळेच्या सगळे. "दोन होती."

बायको रुमालाची चुणी सारखी करायला लागली.

"इतके दिवस तू मला फसवतेयस?"

"मग काय सांगू? त्या डॉक्टरासारखं 'वय झालं' म्हणू?" तिनं हात सोडला नव्हता. "आणि कळली होती तर चार कशाला म्हणालात? तुम्ही नाही का मला फसवलंत?"

रुमालशेठांनी रुमाल पुन्हा नीट पसरला. "आता खरं दाब," ते म्हणाले. "आणि खरं सांग."

तिनं बराच वेळ घेतला. रुमालाखाली तिची बोटं सरकली. एक कळलं. दुसरं कळलं. तिसरं कळलं. रुमालशेठांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले.

"तीन."

सौदा चालू असताना रुमाल उचलायचा नसतो. रुमालशेठांनी उचलला. तिची चिमूट त्यांच्या तिसऱ्या बोटाच्या मधल्या पेरावर होती.

दोघंही त्या बोटाकडे बघत राहिली. स्वयंपाकघरात भांड्याचं झाकण वाजत होतं, तरी ती उठली नाही.

"अर्धं कुठल्या जनावरात लागतं?" तिनं विचारलं.

"बैलात. म्हशीत. मोठ्या जनावरात."

"आणि बोकडात?"

"बोकडात कसलं अर्धं? तिथं सगळे पुऱ्या बोटांचे लोक."

"मग बोकडात जा."

"बैलांच्या दलालानं बोकडात जायचं?" रुमालशेठांचा आवाज चढला. "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, शेठ बोकडात गेले," बायको म्हणाली आणि झाकण बघायला उठली.

पुढच्या बाजाराला ते बैलांच्या खुंट्यांवरून वळसा घालून गेले. जाड्यानं लांबून हाक मारली. त्यांना ऐकू आली, पण गळ्यात पट्टा असला की प्रत्येक हाकेला वळता येत नाही, एवढा एक फायदा होता. बोकडांच्या बाजूला एक म्हातारी एकच बोकड घेऊन उभी होती आणि घेणारा तोंडानंच भाव बोलत होता.

"ए बाबा, तोंड बंद कर," रुमालशेठ म्हणाले आणि खांद्यावरचा रुमाल काढला. "हात दे इकडे. आणि बोट धरशील ते पुरं धर."